मिक्सरमधली फळं आणि ताटातली भाकरी

वैशाखात आसनगाव स्टेशनबाहेर करवंदांच्या पाट्या घेऊन बाया बसायला लागल्या की आमच्याकडे रसाविषयीची पत्रंही येऊ लागतात. यंदाची बहुतेक पत्रं शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतली आहेत. त्यांतले काही प्रश्न एकत्र घेतो आहे, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याच्याही उपयोगाचं आहे.

प्रश्न : यंदा घरात मिक्सर आला. मुलं फळ खायला कंटाळतात म्हणून पेरू, चिकू, मोसंबी, जे असेल ते एकत्र फिरवते, गाळते आणि दोन चमचे साखर घालून देते. सासूबाई म्हणतात, फळ तसंच खाऊ दे, रसात काही राहत नाही. आमच्यात कोणाचं खरं? (किन्हवली परिसर, ता. शहापूर)

उत्तर : ताई, सासूबाईंचं बरंचसं खरं आहे, पण रसात काहीच राहत नाही असंही नाही. पुढच्या वेळी रस गाळलात की गाळणी लगेच कचऱ्यात झटकू नका. तिच्यात उरलेला चोथा बोटाने चाचपून बघा. पेरूचे दाणे, मोसंबीच्या फोडींचे पापुद्रे, चिकूचा रवाळ गर. पोट साफ ठेवणारा आणि साखर रक्तात सावकाश उतरू देणारा भाग तो हाच. पेल्यात खाली उतरतं ते पाणी, फळाची साखर, थोडं पोटॅशियम आणि क जीवनसत्त्वाचा बराचसा वाटा. म्हणजे पेला रिकामा नाही, पण फळातला जो भाग साखरेला धरून ठेवतो तो गाळणीत राहिला.

या विषयावर इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला एक फार सुरेख प्रयोग झाला होता. तो 1977 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दहा निरोगी माणसांना सफरचंद तीन तऱ्हांनी दिलं. एकदा फोडी, एकदा कुस्करून केलेला लगदा आणि एकदा गाळलेला रस. साखर तिन्हींत सारखीच. फोडी चावून संपवायला सरासरी 17 मिनिटं लागली, लगद्याला 6 आणि रसाला जेमतेम दीड. फोडी खाल्ल्यावर पोट भरल्यासारखं वाटलं, लगद्याने त्याहून कमी, रसाने सगळ्यांत कमी. रक्तातली साखर वर चढली ती तिन्ही वेळा सारखीच. पण रस प्यायल्यावर शरीराने इन्शुलिन जास्त सोडलं आणि मग साखर खाली घसरली, ती फोडींच्या वेळी घसरली नव्हती. मुलगा रस पितो आणि अर्ध्या तासात "आई, भूक लागली" म्हणतो, त्याचं कारण यात सापडतं.

दुसरी गोष्ट साखरेची. मोसंबीच्या एका पेल्याला तीन-चार मोसंबी लागतात. त्यांची मिळून साखर साधारण चार चमचे होते. एवढी मोसंबी आपण सोलून एका बैठकीत खात नाही, पितो मात्र सहज. जागतिक आरोग्य संघटना फळाच्या रसातल्या साखरेला वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजते, अख्ख्या फळातल्या साखरेला नाही. मोठ्या माणसाने अशी साखर दिवसाला सहा चमच्यांच्या आत ठेवली तर उत्तम, असं ती सांगते. तुमच्या पेल्यात फळाची चार आणि वरची दोन मिळून सहा झालीच, आणि तीही लहान मुलाच्या पोटात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या, त्यांतही रसापेक्षा फळ असंच सांगितलं आहे. त्याच वर्षी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने कंपन्यांना खोक्यांवरचा "100 टक्के फळांचा रस" हा दावा काढायला लावला. पाण्यात कालवलेल्या घट्ट अर्कालाही ते तसं म्हणत होते.

म्हणून मिक्सर परत करायचा का? अजिबात नाही. गाळणी मात्र खुंटीला लावा. न गाळलेला दाट रस हा जवळजवळ फळच असतो. प्लिमथ विद्यापीठात अलीकडे बिया असलेली फळं बियांसकट वाटून दिली, तेव्हा साखर अख्ख्या फळापेक्षा जास्त चढली नाही, असंच दिसलं. पेरूच्या फोडी दाण्यांसकट फिरवा. मोसंबी सोलून बिया काढा आणि पापुद्र्यासकट टाका. चिकू गोड असतो, तो आहे म्हणजे साखर नकोच. एक गोड, एक आंबट आणि एक गराचं, असं तीन फळांचं जुळवलं की वरून काही घालावं लागत नाही. पेल्याऐवजी वाटीत द्या आणि सोबत चमचा द्या. चमच्याने खाताना मुलाचा वेग आपोआप कमी होतो.

घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला रस देऊच नका, घरचाही नाही. छोट्या पोटातली जागा रस अडवतो आणि पेज-खिमटी मागे पडते. सहा महिन्यांनंतर कुस्करलेलं केळं, पिकलेला चिकू, आंब्याचा गर चमच्याने द्या. अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून मोठ्या मुलांना अंडं किंवा केळं मिळतं, ते केळं घरी आणून दुधात फिरवू नका. मुलाच्या हातात सोलून द्या, ते त्यानेच चावून खावं.

गाळलाच कधी रस, तर चोथा थालीपिठाच्या पिठात मळा. पेरूचा चोथा घालून घावन केलं तर मुलांना वेगळं काही वाटतही नाही.

प्रश्न : मुलीचं वय 15, हिमोग्लोबिन 9 निघालं. ओळखीच्या बाईंनी रोज बीट, गाजर, सफरचंद यांचा रस द्यायला सांगितलं. इथे सफरचंद परवडत नाही. आमच्या रानातल्या फळांचा रस चालेल का? (टोकावडे परिसर, ता. मुरबाड)

उत्तर : दादा, या पत्रासाठी मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली. मुलगी तुमची एकटीच नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांना रक्तक्षय असल्याचं दिसलं. पहिलं काम डॉक्टरांकडून उपचाराच्या गोळ्या सुरू करण्याचं. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते ती रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. 9 वर आलेल्या मुलीला तेवढी पुरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

आता रस. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, ही समजूत रंगावरून आली आहे. बिटाचा तो लाल रंग वेगळ्याच द्रव्याचा, लोहाचा नव्हे. 100 ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही आणि सफरचंदात त्याहूनही कमी. बाईच्या शरीराची रोजची गरज धरली आहे 29 मिलिग्रॅम. सफरचंद परवडत नाही याची खंत करू नका. परवडलं असतं तरी त्याने हे काम झालं नसतं.

लोह आहे ते तुमच्या ताटात. नागलीच्या 100 ग्रॅम पिठात साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास. पावसाळ्यातला टाकळा, शेवग्याचा पाला, चवळी, हरभरा, सगळ्यांत आहे. अडचण एकच. धान्य-भाजीतलं लोह शरीराला सहज लागत नाही. नागलीतली काही द्रव्यं त्याला धरून ठेवतात आणि बरंचसं तसंच बाहेर जातं. इथे फळाचा रस कामाला येतो. आंबट फळातलं क जीवनसत्त्व आतड्यात लोहाला सोडवून घेतं आणि एकाच जेवणातून लागणारं लोह दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. अट इतकीच की रस त्या जेवणाबरोबरच पोटात गेला पाहिजे. सकाळी सात वाजता प्यायलेला रस दुपारच्या भाकरीला उपयोगी पडत नाही.

किती लागतं? फार नाही. आवळ्याला जुन्या पोषणतक्त्यांत 100 ग्रॅमला 600 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलं होतं, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात ते 250 च्या आसपास आहे. नवा कमी आकडा धरला तरी अर्धा आवळा एका जेवणाला पुरतो. पेरूत 200 च्या वर. म्हणजे पेरूची एक चतकोर फोड पुरे. हे नसेल तर दोन लिंबं. करवंद चवीला कितीही आंबट असलं तरी क जीवनसत्त्वात आवळा-पेरूच्या जवळपासही येत नाही. ते आवडीने खावं, पण या कामाचा भार त्याच्यावर टाकू नये. म्हसा यात्रेच्या सुमारास, पौषात, रानातले आणि बाजारातले आवळे भरात असतात. तेव्हाच किसून मीठ लावून सावलीत वाळवा. आवळ्यातलं क जीवनसत्त्व वाळवणात इतर फळांपेक्षा बरंच टिकतं. चैत्र-वैशाखात हीच आवळकाठी थोड्या पाण्यात भिजत घाला, वाटा आणि जेवताना अर्धी वाटी प्यायला द्या.

घरी असं करा. नागलीची भाकरी, वर टाकळ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी. भाजी चुलीवरून उतरवली की मग लिंबू पिळा. उकळत्या भाजीत पिळलेल्या लिंबाचं क जीवनसत्त्व उष्णतेने बरंचसं नष्ट होतं. घरात सुकट किंवा जवळा असेल तर चमचाभर तोही भाजीत. माशातलं लोह लवकर लागतं आणि शेजारच्या भाजीतलंही लागू देतं. बाजूला वाटीत आवळ्याचा किंवा पेरूचा दाट रस, बिनसाखरेचा. मुलगी गोळी घेते तीही या जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. दुधाबरोबर नको.

आणि चहा. हा माझा सगळ्यांत मोठा आग्रह आहे. मुरबाडकडच्या घरांत जेवण झालं की कोरा किंवा दुधाचा चहा होतोच. चहातला तुरट अंश लोहाला बांधून टाकतो. वाटीतल्या आवळ्याने जे कमावलं त्यातलं बरंचसं कपातल्या चहाने जातं. चहा सोडू नका. जेवणाआधी आणि नंतर दीड तास लांब ठेवा. जांभूळही तुरट आहे, म्हणून तेही गोळीच्या आणि जेवणाच्या वेळेला नको. दुपारी चार वाजता मजेत खाऊ द्या.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा आणि आकडा मला कळवा.

प्रश्न : दुधीचा रस रोज उपाशीपोटी घेतो. परवा कडू लागला म्हणून त्यात मोसंबीचा रस मिसळून प्यायलो. काही झालं नाही. असं चालतं का? (वासिंद)

उत्तर : नाही. पुन्हा करू नका. कडू दुधीतल्या विषारी द्रव्याने आपल्या देशात माणसं दगावली आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने 2011 मध्ये याचा अभ्यास करून स्पष्ट सांगितलं होतं की आधी छोटा तुकडा चाखा, कडू असेल तर सगळा रस टाकून द्या आणि दुधीचा रस दुसऱ्या कोणत्याही रसात मिसळू नका. मिसळला की कडवटपणा झाकला जातो, आणि आपल्याला सावध करणारी खूण तेवढीच असते. कडू काकडीलाही हेच लागू. असा रस पोटात गेल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठा. दुधी शिजवून भाजी करा, तुमच्याच शिवारात पिकतो तो.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे. जांभळाचा रस जितका प्याल तितका चांगला, असं सगळे सांगतात. (सरळगाव, ता. मुरबाड)

उत्तर : जांभूळ हे आपल्या भागाचं वैभव आहे. शेजारच्या बदलापूरच्या आणि पालघरमधल्या बहाडोलीच्या जांभळांना आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. फळ म्हणून मधुमेही माणसाने मूठभर जांभळं खाल्ली तर उत्तम. पण बाटलीत मिळणाऱ्या जांभूळ सरबतात साखर भरपूर असते आणि गोळ्या-इन्शुलिनची जागा जांभूळ घेत नाही, ना त्याच्या बियांची पूड. औषध चालूच ठेवा.

एक वेळ मात्र अशी येते की वडिलांना गोड रस द्यावाच लागेल. औषध घेतलं आणि जेवायला उशीर झाला, अंगाला दरदरून घाम, हात थरथरतात, बोलणं अडखळतं. तेव्हा साखर खाली गेलेली असते. शुद्धीवर असतील तर अर्धा पेला गाळलेला गोड रस किंवा तीन चमचे साखरेचं पाणी लगेच द्या, 15 मिनिटांनी फरक पडला नाही तर पुन्हा द्या, मग काहीतरी खायला द्या. चोथा नसलेला रस भराभर रक्तात उतरतो, आणि या वेळी तेच हवं असतं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, दवाखान्यात न्या.

प्रश्न : आमच्या गटाने करवंद आणि जांभूळ एकत्र करून सरबत केलं. टिकावं म्हणून दुकानातून पांढरी पूड आणून घातली. दोन दिवसांत सुंदर जांभळा रंग उडून फिकट झालं. फसवणूक झाली का? (डोळखांब परिसर, ता. शहापूर)

उत्तर : फसवणूक नाही. पूड चुकीची पडली. ती बहुधा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट असणार. लिंबू, मोसंबीच्या फिकट रसाला ती चालते. करवंद, जांभळाचा गडद रंग ती उडवून टाकते. अशा रसाला सोडियम बेंझोएट वापरतात. सरबताच्या घट्ट स्क्वॅशमध्ये बेंझोइक आम्लाची मर्यादा किलोमागे 600 मिलिग्रॅम आहे, म्हणजे चिमटीने घालायचा हा मसाला नव्हे. सोनाराकडे असतो तसा बारीक काटा घ्या. स्क्वॅश म्हणून विकायचं असेल तर त्यात फळाचा अंश निदान 25 टक्के हवा आणि साखरेसकट विरघळलेला भाग निदान 40 टक्के. काय घातलं ते बाटलीवर लिहा आणि अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी करून घ्या. छोट्या उद्योगाला ती सोपी आहे.

भांडं स्टीलचं. बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात आंबट रस क्षणभरही नको, धातू रसात उतरतो. लोखंडी कढईत रंग काळवंडतो. करवंदं मिक्सरमध्ये बारीक करू नका, बिया फुटल्या की सरबताला तुरट चव येते. हाताने कुस्करा, आधी बोटांना तेल लावा म्हणजे चीक चिकटणार नाही, आणि मग चाळणीतून दाबून काढा.

तुमच्या शहापुरातच आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेने वनधन केंद्रातून गुळवेल गोळा करून बाजारात नेली, ती आपल्याच कातकरी तरुणांनी. रानातलं फळ वाट्यावारी विकण्यापेक्षा बाटलीत भरून विकलं तर त्याचा पैसा पाड्यावर येईल, याबद्दल मला शंका नाही. पाण्याचं तेवढं बघा. तानसा आणि भातसा तुमच्या तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला, आणि वैशाखात पाड्यावर टँकरची वाट बघायची. पाणी कमी असेल तेव्हाच ते उकळायचा कंटाळा येतो. सरबताचं पाणी उकळून गार केलेलंच घ्या आणि बाटल्याही उकळत्या पाण्यातून काढा.

प्रश्न : महामार्गावरच्या गाड्यावरचा रस प्यावा का? (आटगाव)

उत्तर : बर्फ बघा. महाराष्ट्रात 2018 पासून खाण्यासाठी नसलेला बर्फ निळा रंगवायचा नियम आहे. गाड्यावर निळसर बर्फ दिसला तर पुढे चला. पांढरा असला तरी बिनबर्फाचा मागा, फळ डोळ्यांसमोर कापायला सांगा. उसाच्या रसात 100 मिलिलिटरला 13 ते 15 ग्रॅम साखर असते, तेव्हा उन्हात अर्धा पेला प्या आणि बाकी तहान पाण्याने भागवा.

प्रश्न : आमच्या पाड्यावर लाईट जाते ती जातेच. मिक्सर असून नसल्यासारखा. रस करायचा तर कसा? (माहुली किल्ल्याच्या पायथ्याकडून)

उत्तर : आजी, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. मिक्सर नव्हता तेव्हाही रस होता. पिकलेली करवंदं धुऊन पातेल्यात घ्या, मुठीने कुस्करा, दोन वाट्या गार पाणी, चिमूटभर मीठ, गुळाचा लहान खडा. ताकाची रवी घ्या आणि हलक्या हाताने घुसळा, बिया खाली बसतात. वरचा दाट रस वाटीत काढा. पिकलेला पेरू पाट्यावर जाडसर वाटला तरी चालतो, मिक्सरइतका बारीक होत नाही, तेच बरं. रायवळ आंब्याचा रस करायची गरजच नाही. तो नातवंडांच्या हातात द्या, दोन्ही हातांनी मऊ करू द्या आणि देठाकडून चोखू द्या. कोय पार पांढरी होईपर्यंत चोखली की त्यांना आंबा सगळाच मिळाला, धाग्यांसकट.